उन्हातलं माप

आखाजी आठवड्यावर आली की आमच्या डिझाइनच्या खोलीतली एक फळी भरून जाते. जळगावच्या एमआयडीसीत, एका पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात ही खोली आहे. शेडमध्ये प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनतात आणि ते साचे मी या खोलीत बसून कॉम्प्युटरवर काढते. बादलीची कडी, ठिबकच्या नळीचं टोपण, मिक्सरचं बटण, ज्याला जे हवं असेल ते. लोक नमुना घेऊन येतात आणि 'अगदी याच्यासारखं करून द्या' म्हणतात. मी तो हातात घेते, उलटसुलट करून बघते आणि फळीवर ठेवून देते. एक रात्र तो तिथेच राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, पत्रा तापायच्या आत, मी त्याचं माप घेते.

परवा धुळ्याहून एक गृहस्थ आले. गाडीतून उतरले तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला, हातात पंख्याचं एक मोडकं पातं. म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे, आत्ताच माप घ्या ना. मी थांबतो."

"दादा, तुम्ही नाही, याने थांबायचंय," मी पात्याकडे बोट केलं. "उन्हातून आलंय ते. आज मुक्काम करू दे."

माझं डोकं उन्हाने फिरलं असावं अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उन्हाने लोकांची डोकी फिरतात हे खोटं नाही, पण माझं ठिकाणावर आणलं ते उन्हानेच. त्यांना हे सगळं सांगायला वेळ नव्हता. ते रसवंतीवर थांबून, दोन ग्लास रस पिऊन धुळ्याला परत निघाले आणि पारोळ्यापर्यंत पोचायच्या आत दोनदा फोन करून त्यांचं "सकाळी नक्की घ्याल ना?" असं विचारून झालं.

बाहेरची माणसं आमच्या उन्हाला भितात. आम्ही उन्हाला दिवसभर शिव्या घालतो, पण दुसऱ्याने घातलेल्या खपवून घेत नाही. इथे उन्हाळा म्हणजे नुसता घाम नाही. उन्हाळा म्हणजे गच्चीवर खाटांवर पसरलेल्या ज्वारीच्या बिबड्या, ओल्या हातांनी कापडावर थापलेल्या, आणि त्या पुरत्या वाळायच्या आत चोरून खाणारे आम्ही सगळे. उन्हाळा म्हणजे कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास, डोक्याला बांधलेला रुमाल, दुपारी एक ते चार ओस पडलेला रस्ता. आणि या सगळ्याच्या मधोमध आखाजी. बाकीचा महाराष्ट्र अक्षय्य तृतीया म्हणतो आणि सोनं घेतो. आमच्याकडे त्या दिवशी घागर भरतात, पितरांना जेवू घालतात, लिंबाला झोका बांधतात, आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. भर वैशाखात, एसटीच्या तापलेल्या पत्र्यात बसून, पदराने वारा घेत लेकी येतात. थंडीतला एखादा बरा दिवस या सणाला का दिला नाही, हे मी आईला लहानपणी विचारलं होतं. ती म्हणाली होती, थंडीमा कोन्हीबी येस.

तर माझं डोकं ठिकाणावर आणणारा तो उन्हाळा. मी बावीस वर्षांची होते. धुळ्याला डिप्लोमा केला होता, आणि वर्गातल्या निम्म्या मुली-मुलांनी पुण्याची वाट धरली होती. मी शेठजींच्या टूलरूममध्ये लागले होते. शेठजी म्हणजे आमचे मालक. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन इथे भुसार मालाचं दुकान टाकलं, आणि नातवाने डाळीवरून प्लास्टिकवर उडी मारली. तोवर साच्याचं ड्रॉइंग राजकोटहून यायचं आणि शेडमधले नाना ते लोखंडात उतरवायचे. शेठजींनी हौसेने एक कॉम्प्युटर आणि त्यातलं डिझाइनचं सॉफ्टवेअर घेतलं, मला त्याच्यासमोर बसवलं आणि सरळ सांगितलं, "बेटा, एक साचा तुझ्या हातचा करू. जमला तर डिझाइन इथेच होईल, तूच करशील. नाही जमला तर पुन्हा राजकोट. मग कॉम्प्युटरवर बिलं करू."

घरीही तसाच वायदा होता. माझे वडील, आबा, बाजार समितीत मापाडी होते. शेतकऱ्याची ज्वारी, उडीद, मूग जे काही येईल ते काट्यावर घालून त्याचं वजन मोठ्या आवाजात सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांना माझी नोकरी नोकरी वाटतच नव्हती. पुण्याला आतेभाऊ होता, त्याच्या कंपनीत जागा होती. आबांनी पाडव्यालाच निळ्या रंगाची एक मोठी बॅग आणून दाराशी उभी केली होती. "आखाजीपर्यंत तुझं काही ठरलं तर ठीक," ते म्हणाले, "नाही तर बॅग तयार आहे."

मला पुण्याला जायचं नव्हतं. कारण सांगितलं तर लोकांना हसू येईल. माझ्या मैत्रिणी तिथे दिवसभर पडद्यावर वस्तू काढायच्या आणि ती वस्तू पुढे कुठे जन्मते ते त्यांना कधी दिसायचं नाही. इथे माझा पडदा आणि नानांचं मशीन यांच्यामध्ये एक भिंत होती, आणि तिला दार होतं. सकाळी काढलेला गोल संध्याकाळी लोखंडात बघायला मिळायचा, त्याच्यावरून बोट फिरवायला मिळायचं. हे सुख मला सोडायचं नव्हतं. त्या एका साच्यावर माझं जळगावात राहणं टांगलेलं होतं.

साचा होता एका झाकणाचा. ठिबक सिंचनाचा व्हॉल्व्ह शेतात जमिनीलगत एका काळ्या प्लास्टिकच्या पेटीत बसवतात, ट्रॅक्टर जाऊ नये, उंदीर शिरू नये म्हणून. धुळ्याचे एक व्यापारी अशा पेट्या विकायचे. पेट्या त्यांच्याकडे ढीगभर होत्या, झाकणं मात्र बरोबर बसेनाशी झाली होती. मे महिन्यात बागायती कापसाची लावणी सुरू व्हायच्या आत त्यांना नवी झाकणं हवी होती. झाकण पेटीच्या काठाच्या आत उतरायला हवं आणि दाबलं की 'टक' असा आवाज यायला हवा. त्या 'टक'वर त्यांचा फार जीव होता. बोलताना ते तोंडानेच दोन-तीनदा तो आवाज काढून दाखवायचे.

होळी होऊन दोन दिवस झाले होते तेव्हा ते नमुन्याची पेटी घेऊन आले. जीपच्या टपावर दोरीने बांधून. आल्यावर शेठजींशी तासभर चहापाणी, गप्पा, आणि जीप बाहेर फाटकाशी उन्हात. मग पेटी माझ्यासमोर आली. मी व्हर्निअर उचललं आणि लगेच मापायला लागले. पेटी हाताला चटका देत होती, हे मला आजही आठवतं. मी ओढणीने धरून मापली. इतकं झालं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही. लांबी, रुंदी, काठाची जाडी, सगळं वहीत सुबक अक्षरात लिहिलं, आणि शेजारी तारीख घातली.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही, कारण ते दिवस गेलेच नाहीत, मी त्यांच्यात राहत होते. पडद्यावर आधी झाकण काढलं. मग झाकणाभोवती लोखंडाचा ठोकळा कल्पून त्याचे दोन भाग केले, एक वरचा, एक खालचा. वितळलेलं प्लास्टिक कुठून आत येईल, हवा कुठून बाहेर पडेल, पाणी कुठून फिरून साचा गार करेल, तयार झाकणाला मागून ढकलणाऱ्या पिना कुठे असतील. झाकण सहज सुटावं म्हणून प्रत्येक उभ्या भिंतीला किंचित उतार द्यावा लागतो. तो उतार डोळ्यांना दिसत नाही, पण नसला तर झाकण साच्यातून निघायचं नाव घेत नाही. आणि सगळ्यात शेवटी आट. नवं सुती कापड धुतल्यावर आटतं तसं प्लास्टिक थंड होताना आटतं, म्हणून साचा वस्तूपेक्षा थोडा मोठा करायचा. किती मोठा, ते प्लास्टिकच्या दाण्यावर अवलंबून. पडद्यावर एका लहान चौकोनात तो आकडा लिहिला की सगळं झाकण क्षणात अंगाने भरतं. तो आकडा लिहिताना मी दर वेळी श्वास रोखून धरायचे.

नानांना या सगळ्याची गंमत वाटायची. नाना साठीला आलेले, भडगावकडचे. हातातली कानस इतकी मऊ चालायची की लोखंडाला गुदगुल्या होत असतील. माझ्या खुर्चीमागे उभे राहून एकदा म्हणाले, "टीव्हीमा साचा दखास ते ठीक शे माय, पन प्लास्टिक काही टीव्ही देखत नही." मी चिडले की ते आणखी खुलायचे. पण कोरताना माझ्या ड्रॉइंगवरची एकही रेघ त्यांनी इकडची तिकडे केली नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, "ध्यानमा ठेव. लोखंड काढता येस, लावता येत नही."

आखाजीला दोन दिवस होते तेव्हा साचा मशीनवर चढला. दुपारचे तीन. शेडमध्ये भट्टी. पहिली दोन-चार झाकणं अर्धवट आली, आणि मग एक पूर्ण झाकण माझ्या हातात पडलं. गरम, मऊ, काळंभोर. नानांनी ते पाण्याच्या टबात बुडवलं, पुसलं. पेटी बाहेर भिंतीशी पडलेली होती, ती कोणीतरी आणली. झाकण ठेवलं, दाबलं.

टक.

शेठजींनी रसवंतीवरून सगळ्यांना रस मागवला. धुळ्याला फोन करून तो आवाज त्यांना फोनवर ऐकवला. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते झाकण बघायला येणार असं ठरलं. नाना मला म्हणाले, "टीव्ही हुशार शे तुना." मी त्या संध्याकाळी घरी गेले ती निळ्या बॅगेकडे तिरकी नजर टाकत. आबांना सांगितलं, "बसलं." आबा म्हणाले, "बरं." एवढंच. आबांचं कौतुक नेहमी वजनाला कमी भरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, नुसतं पुन्हा ऐकायला म्हणून, मी तेच झाकण त्याच पेटीवर ठेवून दाबलं. बसलं नाही. एका कडेने आत, दुसऱ्या कडेने वर. फिरवून बघितलं, दुसरं झाकण घेतलं, तिसरं घेतलं. एकही बसेना. नाना आले, त्यांनीही दाबून पाहिलं. "हाई काय व्हयनं? काल ते बसनं व्हतं." नानांनी पेटी उचलून पुन्हा बाहेर नेऊन ठेवली, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. साडेबाराला काय वाटलं कोण जाणे, मी जाऊन पुन्हा झाकण दाबलं. टक.

तुम्ही हसाल, पण मी घाबरले. चूक सापडली की माणूस निदान रडू शकतो. जे दुपारी बसतं आणि सकाळी बसत नाही त्याला काय म्हणायचं? शेठजी त्या दिवशी बाहेरगावी होते. मी नानांना "कोणाला सांगू नका" म्हणाले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. ताई येणार होती आखाजीला, धुळ्याहून, तिच्या सासरहून.

ताई दोनच्या एसटीने आली. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. ती दारात पिशवी ठेवते न ठेवते तोच मी विचारलं, "किती दिवस राहणार? दाजी कसे नाही आले?" ताईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला बाहेरच काढलं. तिचे डोळे भरून आले. "लगेच हिशोब विचार," ती म्हणाली, "उद्याच जाते." आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावली आणि माझ्यावर खेकसली, "उनमाईन उनी ती! आगोदर पानी पिऊ दे, मंग इचार."

ताई पाणी प्यायली, पंख्याखाली पडली आणि अर्ध्या तासात उठून स्वतःच म्हणाली, "आठ दिवस आहे मी. दाजींना सुट्टी नाही मिळाली. एवढंच." आणि हसली. तेच प्रश्न, तीच ताई. मधे फक्त अर्धा तास सावली. पण तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. मी माझ्या झाकणात होते.

वाऱ्याने बिबड्या उडतात म्हणून आईने मला गच्चीचं दार लावायला पाठवलं. आमचं गच्चीचं दार लोखंडी पत्र्याचं. मी कडी सरकवली, ती भोकात जाईना. जोर लावला, बोटाला चटका बसला. वरून ओरडले, "आई, कडी लागत नाही!"

खालून आवाज आला, "दुपारले कशी लागी? दार फुगेल ऱ्हास! सांजले लाव."

मी तिथेच पायरीवर बसले. हे वाक्य मी लहानपणापासून दर उन्हाळ्यात ऐकत आले होते. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात गच्चीचं दार दुपारी फुगतं आणि प्रत्येक आई ते जाणते. होळीनंतरची ती दुपार डोळ्यांसमोर आली. जीपचा टप, फाटकातलं ऊन, चटका देणारी पेटी, माझी ओढणी, माझं सुबक अक्षर. मी फुगलेल्या पेटीचं माप घेतलं होतं. झाकण मी केलं होतं ते दुपारच्या पेटीचं.

गाडी काढली आणि तशाच उन्हात शेडला परत गेले. पेटी गार पाण्याच्या टबात घातली, वर दगड ठेवला आणि अर्धा तास तिच्यासमोर बसून राहिले. मग बाहेर काढून मापली. वहीतल्या मापापेक्षा मिलिमीटरभराहून जास्तच लहान भरली. नाना माझ्या खांद्यावरून बघत होते. टोपी काढून त्यांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "मी बठ्ठी जिंदगी लोखंडसंगे काढी, माय. लोखंड इतलं फुगत नही." ते मला धीर द्यायला म्हणाले असतील, पण खरंच होतं ते. अनुभव त्यांचा, आकडे माझे, आणि प्लास्टिक दोघांनाही नवं. एवढं साधं शहाणपण घरी आईकडे होतं आणि ते दाराच्या कामाचं आहे, डिझाइनच्या नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

आता करायचं काय? झाकण मोठं झालं, कारण साच्यातली पोकळी मोठी झाली. ती लहान असती तर नानांनी आणखी कोरली असती. मोठी झालेली पोकळी लहान कशी करणार? लोखंड काढता येतं, लावता येत नाही.

आणि त्याच वेळी मनात दुसरा विचार आला, तो सांगायला आजही लाज वाटते. धुळ्याचे व्यापारी दुपारी येणार होते. दुपारी झाकण बसणारच होतं. पेटी नुसती बाहेर भिंतीशी असू द्यायची, बस्स. टक. ते खूश होऊन जातील, माझी जागा पक्की होईल. सकाळी कोणी शेतकरी व्हॉल्व्ह उघडायला जाईल आणि त्याचं झाकण परत बसणार नाही, पण तो शेतकरी माझ्या खोलीपासून पुष्कळ लांब असेल.

आखाजीचा दिवस उजाडला. आईने नवी घागर भरून पाटावर मांडली, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि गोड सांजोरी ठेवली. आबांनी पितरांची नावं घेत पाणी सोडलं. ताई शेजारच्या मुलींबरोबर झोक्यावर गेली आणि तिचं हसणं गल्लीभर ऐकू येत होतं. पुरणपोळी आणि आमरस जेवून आबा ओसरीवर आडवे झाले होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. पेटी, ऊन, पोकळी, आणि दुपारचा तो विचारसुद्धा.

आबा उठून बसले. बोलताना आमच्याशी ते शहरी मराठी बोलायचे, पण मनातलं बोलायचं झालं की घरची बोली यायची. "काट्यावर ओला माल येस," ते म्हणाले, "तवय वजन जास्त भरस. शेतकरीले वाटस, बरं व्हयनं. आम्ही सांगतस, वाळू दे, मंग मोजू. कधी आमनाबी चुकस." मग म्हणाले, "माप चुकनं ते पाप नही. चुकेल माप दपाडं ते पाप." दपाडणं म्हणजे लपवणं.

पुण्याचं नाव त्यांनी काढलं नाही. बॅग मात्र दाराशी होती आणि तिच्यात आईने आधीच माझे दोन ड्रेस आणि बिबड्यांचा डबा भरून ठेवला होता. माया आणि घाई आमच्या घरात एकाच पिशवीत राहतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याचे व्यापारी आले. मी सकाळपासून पेटी पाण्याच्या टबात ठेवली होती. शेठजी आणि व्यापारी दोघांसमोर ती बाहेर काढून पुसली आणि झाकण ठेवून दाबलं. बसलं नाही. मग पेटी अर्धा तास उन्हात ठेवली, परत आणली, दाबलं. टक. आणि मग मी सांगितलं की चूक माझी आहे, मी तापलेली पेटी मापली.

व्यापारी मोठ्याने हसले. "म्हणजे तुम्ही दुपारचं झाकण बनवलं म्हणा ना! आता सकाळचं पण एक बनवा." शेठजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, झाकण हातात घेऊन वाकवून पाहिलं. मला वाटलं, झालं, आता राजकोट.

"साच्याला कोणी हात लावू नका," ते म्हणाले. "दाणा बदला."

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागलो. शेठजींना डिझाइनमधलं ओ की ठो कळत नाही असं आम्ही धरून होतो. ते म्हणाले, "एकदा आपला नेहमीचा दाणा मिळेना, म्हणून दुसरा आणला होता. बादल्यांच्या काठात बसणारी झाकणं सगळी ढिली पडली. तो दाणा जास्त आटतो. त्या दिवशी मी कपाळ बडवलं होतं. आज तोच आणा." डाळीचा व्यापारी शेवटी. कुठली डाळ किती फुगते आणि कुठला दाणा किती आटतो, ते त्यांच्या हाताला कायमचं कळलेलं असतं.

दाणा आला, साचा पुन्हा चढला. झाकणं पडली. त्यांना रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी आठला पहिलं दाबलं. टक. दुपारी एकला पेटी आणि झाकण दोन्ही उन्हात ठेवून दाबलं. टक. नानांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि त्याच दिवशी खोलीच्या सगळ्यात गार कोपऱ्यात अँगल ठोकून एक फळी बसवून दिली. "आते पाव्हनाले मुक्काम करू देत जाय," म्हणाले. 'मुक्कामाची फळी' हे नाव तिला तिथूनच पडलं. शेठजींनी खोलीला कूलर लावला आणि तो माझ्यासाठी नाही, मापासाठी आहे, असं दहा जणांना सांगितलं.

आता नाना घरी असतात, दसऱ्याला हत्यारांच्या पूजेला तेवढे येतात आणि आल्या आल्या फळीवर कोण मुक्कामाला आहे ते बघतात. कॉम्प्युटर चार वेळा बदलला. पडद्यावर आता झाकण कुठे वाकेल, कुठे आटेल, सगळं रंगात दिसतं. पण समोरची वस्तू उन्हातून आली आहे का, हे तो अजूनही विचारत नाही. ते मला विचारावं लागतं. वस्तूचं जाऊ द्या, माणसांचंही मी आता सांभाळते. ताई आली की पहिला अर्धा तास मी तिला फक्त पाणी देते. रागाने लाल होऊन फोन करणाऱ्या गिऱ्हाइकाला "उद्या सकाळी बोलू" म्हणते. किती माणसांची मापं मी भर दुपारी घेतली असतील आणि वहीत सुबक अक्षरात लिहून ठेवली असतील, कोण जाणे.

त्या आखाजीनंतर चार दिवसांनी शेठजींनी पहिलं चांगलं झाकण आणि ती नमुन्याची पेटी मला घरी न्यायला दिली. मी ती आबांसमोर ठेवली. आबांनी झाकण उचललं, बसवलं, उचललं, आणि पेटी घेऊन जिना चढले. आम्ही उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायचो. पहाटे, अजून पुरतं उजाडलं नव्हतं तेव्हा, मला जाग आली ती एका आवाजाने. टक. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, टक.

आबा कठड्याशी उकिडवे बसले होते, समोर पेटी. काट्यावरचा माल मोजताना मान एका बाजूला कलती करून ते ऐकायचे, तशीच मान कलती होती. मी उठून बसलेली त्यांना दिसले.

"सकायले बी बसस," ते म्हणाले.

मग ते खाली गेले. खालून त्यांचा आवाज आला, आईला काहीतरी सांगत होते, आणि बॅगेची चेन उघडल्याचा लांबलचक आवाज. मी जिन्यावरून डोकावले. आईने माझे दोन ड्रेस आणि बिबड्यांचा डबा बाहेर काढून ठेवला होता आणि ती निळ्या बॅगेत थंडीच्या गोधड्या भरत होती. आबा एकेक घडी घालून तिच्या हातात देत होते.

बॅग अजून माळ्यावर आहे. गोधड्याही अजून त्यातच आहेत.